अर्ध्या टाकीचं कलम

अल्लाहच्या नावाने लिहायला बसलो आहे. मी, मबखूत बिन सुहैल, वय वर्षे एकाहत्तर, उंट पाळणारा व वाळूवरचे माग काढणारा, राहणार बीर गाफा, जाहीर करतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. यकृत नाही, पण मृत्युपत्राला यकृत लागत नाही. माझ्या मानेवर पाय ठेवून कुणी हे लिहून घेतलेलं नाही. ज्यांनी आजवर तसा प्रयत्न केला ते कसे लंगडतात हे सगळ्यांनी पाहिलं आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. असल्यास ते खोटं समजावं.

आताच का करतो आहे ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी चाचपडायला नको. अझ्झान बिन खलफान याची पंधरा वर्षांची हद्दपारी या महिन्याअखेर संपते. तो विहिरीवर परत येणार. माझा मुलगा सालमीन याने शपथ घेतली आहे की अझ्झान दिसला त्या जागी त्याला गोळी घालीन. ही शपथ मीच त्याला घ्यायला लावली होती, तो अकरा वर्षांचा असताना, थोरल्या भावाच्या ताज्या कबरीवर हात ठेवून. आता मला ती मोडायची आहे. मी मेल्यावर सालमीन माणूस मारून तुरुंगात जाईल, आणि त्याने मारलेला माणूस निर्दोष असेल. घर आणि उंट यांची कलमं त्यामानाने किरकोळ आहेत.

कलम पहिले. घर, मागचं छप्पर, एकवीस उंट व खजुराची सात झाडं यांत मी काही ठरवत नाही. धर्माने जे वाटे सांगितले आहेत तेच होतील: माझी बायको शम्मा हिला आठवा हिस्सा, उरलेलं सालमीनला. सर्व मालमत्तेच्या एक तृतीयांशावर मात्र मरणाऱ्याचा हक्क असतो, आणि तो भाग वारसाला देता येत नाही, परक्यालाच द्यावा लागतो. माझ्या आयुष्यात मी परक्यांना फक्त मार दिला. म्हणून हा एक तृतीयांश मी विचार करून देत आहे.

कलम दुसरे. रायफल. ती माझ्या नावावर आहे, सालमीनच्या नाही, हे त्याने लक्षात घ्यावं. गेली कित्येक वर्षं तो तिला तेल लावतो, फडक्यात गुंडाळतो, उशाशी घेऊन झोपतो. तेवढी माया त्याने गाडीच्या एअर फिल्टरवर केली असती तर दोन इंजिनं वाचली असती. परवा सकाळी तो उंटांमागे गेला असताना मी ती काढली, दोन दगडांत अडकवली आणि घणाने नळी वाकवली. चौथ्या घावाला माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. नळी वाकेपर्यंत आणखी सहा घाव घातले. त्यामुळे हे अक्षर डाव्या हाताचं आहे, त्यावरून कुणी शंका काढू नये. ते लोखंड पोलीस चौकीत जमा करावं.

कलम तिसरे. हत्यारं. पाने, जॅक, हवा भरायचा पंप, ग्रीसची बंदूक आणि जॅकचा लोखंडी दांडा. हा दांडा शम्माने पंधरा वर्षं पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे. मी तो फेकून देऊ लागलो की ती परत आणून तिथेच ठेवते. याच दांड्याने मी अझ्झानचा एक डोळा फोडला. सर्व हत्यारं दांड्यासकट अझ्झानला द्यावीत. दांड्याचं काय करायचं ते त्याने ठरवावं. मी तोवर जिवंत असलो तर माझं डोकं हजर आहे.

कलम चौथे. बग्गी. माझी चारचाकी, चहूकडून उघडी, दोन माणसांची, वर लोखंडी पिंजरा आणि मागे पाण्याची टाकी वाहायचा हौदा असलेली. माझ्या एक तृतीयांशात बसणारी हीच एक किमती वस्तू आहे. ती मी अझ्झान बिन खलफान यास देत आहे. ती कशी चालवावी आणि कशी राखावी ते खाली लिहितो. यातलं एकही वाक्य मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही.

फिल्टर रोज संध्याकाळी काढून झटकायचा, वारा सुटला असेल तर दुपारीही. इंजिन तेल गाडी सपाट जागी, थंड असताना बघायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वाळूत शिरताना चाकांतली हवा कमी करायची आणि खडकाळ भाग लागला की उतरून पुन्हा भरायची, कितीही कंटाळा आला तरी. चाकांचे नट सकाळच्या पहिल्या फेरीनंतर परत आवळायचे. माझा चुलतभाऊ बखीत मला म्हणाला होता, "अरे, कालच आवळले होते की." मी हातातल्या पान्याने त्याचे पुढचे दोन दात पाडले. त्याने माझ्यावर कोर्टात जायचं ठरवलं होतं, पण तिथे बोलताना हवा निघायची म्हणून गेला नाही. त्यानंतर तो नट विसरला नाही. मला त्या दातांचा खेद आहे, पण फार नाही.

मागच्या हौद्यात माणूस बसवायचा नाही. शेजाऱ्याचा पाहुणा बसला होता, मी त्याला मानेला धरून खाली ओढलं आणि तो पाठीवर पडला. "हौद्यातून पडला असतास तर मेला असतास," मी म्हणालो. "इथे तर तूच मारलंस," तो म्हणाला. तो आजही पाठीला पट्टा बांधतो. बसणाऱ्याचे पाय तळाला टेकलेच पाहिजेत. ज्याचे टेकत नाहीत ते मूल घरी ठेवायचं. बाजूची जाळी लावायची. पट्टा बांधायचा. गाडी कलंडायला लागली की माणूस हात बाहेर टाकतो, जमीन धरायला. तो हात जातो. हात आतच, स्टिअरिंगवर घट्ट, आणि अंग पट्ट्यावर सोडून द्यायचं.

उतार सरळ चढायचा, सरळ उतरायचा. आडवा कधीच कापायचा नाही. घसरायला लागलीच तर नाक खालच्या बाजूला वळवायचं आणि थोडा वेग द्यायचा. ब्रेक दाबला की संपलं. पिंजऱ्याचा एकही दांडा कापायचा नाही. वाकला तर तो तापवून सरळ करायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, पिंजरा पूर्ण नवा बसवायचा.

आणि टाकी. टाकी एक तर काठोकाठ भरलेली असावी, नाहीतर रिकामी. अर्धी टाकी घेऊन वाळूच्या उतारावर जायचं नाही, कारण पाणी एका बाजूला धावतं आणि चारशे लिटरची टाकी गाडीला लाथ मारते. वाटेत कुणाचे उंट भेटले आणि त्यांना पाणी पाजावं लागलं, तर उरलेलं पाणी ओतून टाकायचं. वाळूवर. सगळं. इथे जन्मलेल्या कुणालाही हे वाचून माझा राग येईल. तहानलेल्याच्या उंटांना पाणी नाकारायचं नाही हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर मिळतं, आणि पाणी वाळूत ओतायचं नाही हेही. या दोन्ही रीती पाळून माझा मुलगा मेला. म्हणून दुसरी मी मोडतो आहे, लेखी मोडतो आहे.

कलम पाचवे. हमदच्या मृत्यूबद्दल. हे कलम खरं तर पंधरा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

हमद माझा थोरला, वय चोवीस. हिजरी चौदाशे एकतीस साली, याच महिन्यात, तो विहिरीवरून टाकी भरून आमच्या उंटांकडे निघाला. वाटेत अझ्झान भेटला. अझ्झानचं आणि माझं वैर जुनं होतं, एका उंटिणीवरून सुरू झालेलं. त्यात मी त्याच्या कानाची पाळी दातांनी तोडली होती आणि त्याने माझ्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. पण त्या दिवशी त्याची पाण्याची गाडी बंद पडली होती, जवळ फक्त रिकामी पिकअप होती आणि त्याचे दोन उंट तोंड उघडून बसले होते. हमदने बापाचं वैर बाजूला ठेवून निम्मी टाकी त्यांना पाजली. माझ्यापेक्षा तो चांगला माणूस होता, हे मी इथे लिहून ठेवतो.

अझ्झान त्याला म्हणाला, "पोरा, आता उताराने जाऊ नकोस. उरलेलं ओत, नाहीतर खडकाळ वाटेने वळसा घाल."

हमद हसला. "काका, पाणी ओतून घरी गेलो तर बाबा मलाच ओततील."

वळसा दोन तासांचा होता आणि आमचे उंट वाट बघत होते. तो उतार आडवा कापून गेला. पाणी सरकलं, गाडी कलंडली. पिंजऱ्याने त्याला वाचवायला हवं होतं. पण मोठी टाकी बसावी म्हणून पिंजऱ्याचे मागचे दोन दांडे मी कापले होते. पट्ट्याने त्याला धरून ठेवायला हवं होतं. पट्टा कमरेच्या खंजिरात अडकतो, उतरताना वेळ जातो, म्हणून तो मी कापला होता. आणि तो पाणी ओतू शकला नाही, कारण बारा वर्षांचा असताना त्याच्या हातून टाकीचा नळ उघडा राहिला तेव्हा मी त्याला उंटाच्या काठीने काठी मोडेपर्यंत मारलं होतं. शम्मा मध्ये पडली, तिलाही दोन बसल्या.

मी पोचलो तेव्हा अझ्झान तिथे होता. त्याने एकट्याने, जॅक आणि खांदा लावून, गाडी उचलून हमदला बाहेर काढलं होतं. खांद्याचं हाड निखळून हात लोंबत होता. हमदचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि तो ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसत होता. मला बघून त्याने सगळं सांगितलं, हमद काय म्हणाला तेही, शब्दाला शब्द. मी ते ऐकलं आणि जॅकचा दांडा उचलला.

पहिला घाव डोळ्यावर बसला. दुसरा निखळलेल्या खांद्यावर. त्यानंतरचे मी मोजले नाहीत. तो पडल्या पडल्या ओरडत होता, "अरे, पोराकडे बघ. पोराकडे बघ आधी." हमद तेव्हा श्वास घेत होता. मी मारून दमलो आणि वळलो, तेव्हा तो गेला होता. माझा मुलगा मरत असताना मी त्याच्यापासून दहा पावलांवर होतो आणि त्याला वाचवणाऱ्याला मारत होतो.  दुःख आहे, लाज आहे, आणि दोन्ही रोज ताजी असतात.

मग मी माग बघितले. तेच माझं काम. अझ्झानच्या पिकअपचे ठसे सांडलेल्या पाण्यावरून गेले होते, ओल्या वाळूत खोल उमटले होते. म्हणजे पाणी आधी सांडलं, तो नंतर आला. सहा वर्षांच्या पोरालाही ते वाचता आलं असतं. मी डोक्याचं फडकं काढलं आणि ते ठसे पुसले. पायांनी तुडवले. तीन तासांनी वडीलधारी मंडळी आली तोवर वाळू सुकली होती. मी त्यांना सांगितलं की अझ्झानने पाठलाग केला, पिकअप बाजूने घासली आणि हमदची गाडी ढकलली. सरकारी कागदावर अपघात लिहिलं गेलं. आमच्या लोकांनी माझा शब्द धरला, कारण माझ्या शब्दाने चाळीस वर्षांत हरवलेले उंट आणि पळालेले चोर सापडले होते. अझ्झानला विचारलंसुद्धा नाही. त्याच्या तोंडाला बँडेज होतं. रक्ताचा मोबदला मी नाकारला आणि त्याला हद्दपार करा म्हणालो. लोक मला थोर मनाचा म्हणाले.

घरी आलो तेव्हा शम्मा म्हणाली, "हमदच्या बा, तो पट्टा तू कापलास. मी पाहिलंय."

मी तिच्या तोंडात मारली. तिने चुलीवरची कॉफीची किटली उचलून माझ्या तोंडावर ओतली. माझ्या गालावरचा डाग लढाईतला आहे असं मी पाहुण्यांना सांगत आलो; तो कॉफीचा आहे. त्यानंतर तिने मला एकदाही कॉफी ओतून दिलेली नाही. पाहुण्यांना देते, मला वगळून पुढे जाते. सगळं गाव ते बघत आलं आणि कुणी कारण विचारलं नाही.

तेव्हा मी जाहीर करतो: हमदला अझ्झानने मारलं नाही. माझ्या हातांनी कापलेल्या दांड्यांनी, पट्ट्याने आणि माझ्या काठीच्या भीतीने मारलं. सालमीन, तुझी शपथ खोट्यावर घेतलेली आहे. ती मी दिली होती, मी परत घेतो.

पुरवणी, गुरुवार. वरचं मृत्युपत्र पुरं करून मी शाळेचे मुहन्ना मास्तर यांना वाचायला दिलं होतं, साक्षीसाठी. मास्तरांनी ते वाचलं. तडक गाडी काढून अझ्झानकडे गेले. आज भर दुपारी अझ्झान आला, मुदतीच्या नऊ दिवस आधी, मास्तरांच्या मागोमाग.

सालमीन अंगणात होता. वाकलेली रायफल त्याला मी वाकवली त्याच रात्री सापडली होती आणि तो तेव्हापासून माझ्यावर धुमसत होता. अझ्झानला बघताच त्याने काठी उचलली आणि पहिला घाव मानेवर घातला. "कुत्र्या, मुदत संपायची तरी वाट बघायचीस." अझ्झान गुडघ्यावर आला. दुसरा घाव पाठीवर. मास्तर मध्ये गेले, त्यांच्या चष्म्याचा चुरा झाला. मी भिंत धरून दारात आलो आणि कागद सालमीनच्या छातीवर फेकले. "आधी वाच. मग हवं त्याला मार."

तो उभ्यानेच वाचू लागला. पाचव्या कलमापाशी त्याच्या हातातली काठी पडली. शेवटचं पान वाचून झाल्यावर तो माझ्याकडे आला, माझा गळा धरला आणि माझं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. दोनदा. या कागदावरचा तपकिरी डाग माझ्या रक्ताचा आहे, तो शाईचा समजू नये. तिसऱ्यांदा आपटणार तोच अझ्झानने त्याचं मनगट धरलं.

"सोड त्याला."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका."

"पंधरा वर्षं मी ह्याला रोज मनात मारतोय. तुझा नंबर माझ्या मागे. रांगेत उभा राहा."

सालमीनने हात सोडला आणि अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. तो अजून तिथेच आहे. त्याने माझ्याकडे बघितलेलं नाही, आणि बघावं असं मी म्हणणार नाही.

अझ्झान चटईवर बसला. शम्माने त्याला कॉफी दिली, मास्तरांना दिली, आणि मला वगळून आत गेली. त्याने सगळे कागद सावकाश वाचले. चौथ्या कलमाशी थांबला.

"बग्गी मला? जिच्याखालून तुझं पोर ओढलं तिच्यात बसून मी पाणी आणू?"

"पिंजरा नवा आहे," मी म्हणालो. "नट आवळलेले आहेत."

"मबखूत, तू मरताना पण गाढवच राहिलास." मग पान उलटत: "माफी मागू नकोस. माझ्याकडे द्यायला नाहीये."

"मागत नाही."

"बरं." तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं, त्याची साक्ष चालते का हो?"

"नाही. ज्याला फायदा, त्याची साक्ष काझी धरत नाही."

"मग माझं नाव खोडा त्या दोन्ही कलमांतून. गाडी नको, हत्यारं नकोत, तो दांडा तर मुळीच नको. मला साक्षीदार करा."

मास्तर म्हणाले, "कागदात तुमचीच बाजू आहे. काझी तरीही हरकत घेईल."

"घेऊ दे. हरकत घ्यायला त्याला वाचावं तर लागेल. त्या दिवशी सगळे जमले होते, ह्याने सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. मला कुणी विचारलं नाही, तू काय पाहिलंस म्हणून. मी पाहिलं होतं. मला ते कुठेतरी सही करून सांगायचंय." आणि मला म्हणाला, "आणि हे तू मेल्यावर वाचायचं नाही. उद्या शुक्रवारी, नमाजानंतर, विहिरीवर, सगळ्यांसमोर. तू स्वतः उभा राहून."

"लोक दगड मारतील."

"मारतील. मी खाल्लेत. मरत नाही माणूस."

सबब कलम तिसरे व कलम चौथे यांतून अझ्झान बिन खलफान याचं नाव त्याच्या इच्छेने खोडलं आहे. बग्गी व हत्यारं आता वारसांच्या वाटणीत जातील. शम्माने दारातून सांगितलं आहे की बग्गी तिच्या आठव्या हिश्श्यात धरावी. पाणी ती स्वतः आणेल. पिकअप चालवायला ती माझ्या आधी शिकली होती, तेव्हा मला हरकत नाही. चौथ्या कलमातले नियम तिलाही लागू राहतील, ओतून टाकायचा नियम सुद्धा. हे मृत्युपत्र मी जिवंत असताना शुक्रवारी विहिरीवर मोठ्याने वाचीन. माझा आवाज गेला तर मास्तरांनी पुढचं वाचावं. सालमीनने तिथे यावं की नाही हे त्याने ठरवावं, पण आला तर माझ्या बाजूला उभं राहू नये, अझ्झानच्या बाजूला उभं राहावं. ही माझी त्याला शेवटची आज्ञा आहे.

वरील मजकूर मी शुद्धीवर, डाव्या हाताने, डोक्याला फडकं बांधून लिहिला आहे. यात खोटं काही नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरत लिहितो आहे.

ठिकाण: बीर गाफा.
तारीख: २० रबिउल आखिर, हिजरी १४४६, गुरुवार.

मृत्युपत्र करणार: मबखूत बिन सुहैल (डाव्या हाताची सही व अंगठा)

साक्षीदार पहिला: मुहन्ना बिन सैफ, शिक्षक. मजकूर माझ्यासमोर वाचला गेला. चष्मा नसल्याने सही रेषेखाली झाली आहे.

साक्षीदार दुसरा: अझ्झान बिन खलफान. वाचलं. खरं आहे. उशिरा आहे.